आईने पाहिलेले गोल

प्रिय लांबू,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंयस, म्हणून आता मीही करायचा नाही असं ठरवलंय. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही. आणि तू ते तसंच टाकून दिलंस तर मामी उघडेल आणि जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचून दाखवेल, ते तुला परवडायचं नाही. तेव्हा मुकाट्याने वाच. मामा सांगत होता, तू त्याच्या नर्सरीत दिवसभर कुंड्या वाहतोस, रोपांना पाणी घालतोस, आणि कुणी फुटबॉलचा विषय काढला की शेडमागे जाऊन खताची पोती रचत बसतोस. या भिंतीची पोती त्या भिंतीला, आणि त्या भिंतीची परत या भिंतीला. मामाला आयता माणूस मिळालाय, तो कशाला कुरकुर करेल. मामी मात्र म्हणते की हा जेवतो दोघांचं आणि बोलतो अर्ध्याचं. जेवतोस ना, मग माझी निम्मी काळजी मिटली.

परवा संध्याकाळी कोच येऊन गेला. नेहमीसारखा दारात बूट काढू की नको करत उभा राहिला, मग तुझ्या खुर्चीवर बसला आणि चहा पार गार होईपर्यंत आपल्या गळक्या नळाबद्दल बोलत राहिला. शेवटी एकदाचं म्हणाला. 'यापुढे मी गोलमध्ये उभा राहणार नाही' हा तुझा निरोप त्याला मिळालाय, पण मिळालाय हे त्याने क्लबमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही. सराव पुढच्या महिन्यात सुरू होतोय. तोवर तो दुसरा गोलकीपर शोधणार नाही, त्यानंतर मात्र त्याचा नाइलाज आहे. आई तिथेच बसून मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण एकाच शेंगेशी बराच वेळ झटापट करत राहिली. मी कोचला म्हटलं, कळवते. तर हे कळवलं. मी स्वतः तुला 'ये' म्हणणार नाही, आणि 'येऊ नकोस' असंही म्हणणार नाही. तू चांगला एकतीस वर्षांचा घोडा झालायस, तुझं तुला कळतं.

मी बसलेय ती वेगळ्याच कामाला. दरवर्षी सीझन संपला की आपण तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वर्षातले आवडते गोल निवडतो. या वर्षी तू शेवटच्या मॅचच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बॅग खांद्याला लावलीस आणि ते राहूनच गेलं. आई दोन आठवडे त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. काल मात्र जेवणं झाल्यावर तिने टेबल दोनदा पुसलं आणि म्हणाली, चल, बसू या. मग आम्ही दोघीच बसलो. तू नसल्यामुळे भांडण काही झालं नाही. आईशी भांडण्यात मजा नसते, ती लगेच मनाला लावून घेते.

आमच्या दातांच्या लॅबमध्ये एक नवीन बाई लागलीय. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, दातांवर पोर्सिलेन चढवायचं काम करते, हात एकदम सफाईदार. मी एकही मॅच चुकवत नाही हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी मी एक कवळी घासत बसले होते, तर तिने विचारलं की या सीझनचा सगळ्यात भारी गोल कुठला. मी म्हटलं, मी आपला एकही गोल बघितलेला नाही. तिला वाटलं मी फिरकी घेतेय. मग तिला सगळं समजावून सांगावं लागलं. आमचा भाऊ गोलकीपर, म्हणून मी सगळा वेळ फक्त त्याच्याकडे बघते, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी. आणि आईचं बरोबर उलटं. चेंडू आपल्या गोलच्या दिशेने यायला लागला की ती मैदानाकडे पाठ करून स्टँडच्या मागच्या भिंतीकडे बघत उभी राहते. शेजारी बसणारे पोस्टमनकाका धोका टळला की तिच्या खांद्यावर बोट टेकवतात, मग ती वळते. त्यामुळे आपले बहुतेक सगळे गोल तिने पाहिलेत आणि समोरच्यांचा एकही नाही. घरी आलं की ती मला गोल सांगते, मी तिला तुझं सांगते, आणि दोघींची मिळून एक मॅच पूर्ण होते. त्या बाईने हातातला ब्रश खाली ठेवला आणि विचारलं की तुमच्या आई एवढ्या भित्र्या आहेत का. आता हिला काय सांगायचं. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून उभी राहिलेली बाई, जिच्यासमोर शिकाऊ डॉक्टर भोवळ येऊन पडायचे आणि ही त्यांना पायाने बाजूला सारून सर्जनच्या हातात पुढचं हत्यार द्यायची. ती भित्री नाही. तू शाळेच्या मॅचमध्ये त्या दांडगटाच्या पायांत सूर मारलास आणि तुझं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा मैदानात जाऊन तिनेच तुझा हात ओढणीने बांधला, आणि बांधताना तिचा हात जराही हलला नव्हता. पण त्यानंतर तिने तुझ्याकडे येणारा चेंडू कधी पाहिला नाही. एकदा पाहिलं ते तिला पुरलं होतं.

तर आता गोल. पहिला आपल्या आळशाचा, सीझनच्या पहिल्याच मॅचमधला. तू तो लांबून पाहिलायस, पण आईचं वर्णन तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. तिच्या म्हणण्यानुसार आळशी कमरेवर हात ठेवून लिफ्टची वाट बघत असल्यासारखा उभा होता. डावखुऱ्याने जीव तोडून धावत जाऊन पास दिला, तो कुणाच्या तरी पोटरीला लागला, तिथून याच्या गुडघ्यावर आदळला आणि गोलमध्ये गेला. गोल झाल्यावर आळशाने मागे वळून पाहिलं की कुणी मारला. आई म्हणते तिला तो गोल आवडतो, कारण न मागता मिळालेली गोष्ट घ्यायला सुद्धा त्या जागी हजर असावं लागतं, आणि तेवढं तो असतो. मी तेव्हा काय पाहिलं सांगू? तू दोन्ही हात वर केलेस, आजूबाजूला पाहिलंस, कुणी नव्हतं. मग तू गोलपोस्टला टाळी दिलीस आणि परत येऊन आपल्या रेघेवर उभा राहिलास. बाकीचे दहाजण तिकडे एकमेकांच्या अंगावर पडले होते. अकरा जणांमध्ये गोल झाल्यावर एकट्याने आनंद करावा लागतो तो तुलाच. मी तुझ्याकडे का बघते, असं तू एकदा चिडून विचारलं होतंस ना. त्या वेळी तुझ्याकडे बघणारं कुणीतरी असावं, म्हणून.

दुसरा धुक्यातला. त्या दिवशी मॅच खेळवलीच कशी हा प्रश्न रेफरीला अजून लोक विचारतात. दुसऱ्या हाफमध्ये तू आमच्या बाजूला होतास म्हणून निदान तुझा पिवळा शर्ट तरी दिसत होता, बाकी मैदान पांढरं फटक. नुसते पायांचे आवाज आणि कॅप्टनच्या शिव्या. मग पलीकडून गलका झाला. तू कानामागे हात धरून पुढे आलास, थांबलास, अजून थोडा पुढे आलास, आणि कॅप्टन धुक्यातून धावत येऊन एक बोट वर करून दाखवेपर्यंत तुला कळेना की गोल कुणी केला. लांबू, तू या टोकाला असताना त्या टोकाला झालेला गोल आपलाच असणार, एवढं सुद्धा तुला सुचू नये? मी त्यावरून तुला सहा महिने छळलं, अजूनही छळणार आहे. पण खरी कमाल आईची. तिने घरी येऊन तो गोल इतका रंगवून सांगितला की विचारू नकोस. डावखुऱ्याने तीन जणांना कसं चकवलं, चेंडू कसा वळला, जाळीला कसा धक्का बसला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की समोरच्या डिफेन्डरने गडबडून स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू ढकलला. आईने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, पेपरवाल्यांना धुक्यात काय दिसणार.

मध्येच लॅबचं सांगून टाकते. स्टँडमधले निम्मे म्हातारे मी केलेल्या दातांनी ओरडतात हे तुला ठाऊक आहेच. त्यातले ते गॅसवाले आजोबा परवा कवळी सैल झाली म्हणून आले, आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून तुझ्या नावाने बोटं मोडायला लागले. मी तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत नाही असं नव्हे, त्यांना पर्वा नाही. मी त्यांची कवळी अशी घट्ट करून दिली की आठवडाभर त्यांना शांत बसावं लागेल. डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले, पण हसू आवरायला त्या आत निघून गेल्या. लोक बोलतात, लांबू. तुझ्यापासून लपवून काय उपयोग. पण रोज जरा कमी बोलतात.

तिसरा गोल तुझा. आता तू पत्र खाली ठेवशील, म्हणून आधीच सांगते, ठेवू नकोस. गोलकीपरच्या आयुष्यात असा गोल एकदा झाला तर झाला. त्या दिवशी तुझ्या पाठीमागून जोराचा वारा होता. चेंडू तुझ्या पायाशी आला, तू डोळे मिटून लाथ हाणलीस, तो वाऱ्यावर स्वार होऊन पार पलीकडे गेला, एक टप्पा पडला आणि पुढे आलेल्या त्यांच्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत. सगळं गाव नाचत होतं. आणि आपल्या घरच्या दोन बायकांपैकी एकीनेही तो पाहिला नाही. आई भिंतीकडे तोंड करून, कारण चेंडू तुझ्यापाशी होता. मी तुझ्याकडे बघत, कारण मी तुझ्याकडेच बघते. चेंडू गेला आणि मी तुझे पायमोजे घसरलेत का ते बघत होते. पोस्टमनकाकांनी निदान आईच्या खांद्यावर बोट टेकवायला हवं होतं, तर ते स्वतःच हातातल्या शेंगदाण्यांसकट उड्या मारत होते. आई बिचारी एवढा आरडाओरडा ऐकून समजली की आपल्यावर गोल झाला. ती भिंतीकडे बघून डोळे पुसत होती आणि मागे सगळे तुझ्या नावाने ओरडत होते. तिला वळवून सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं की लागलं तर नाही ना त्याला. रात्री तूच आम्हाला तो गोल टेबलावर मिठाची बाटली आणि चमचे मांडून दाखवलास, पाच वेळा दाखवलास, आणि पाचही वेळा चमचा बाटलीला लागून खाली पडला. आईने काल तुझा तो गोल वर्षातला सगळ्यात भारी म्हणून निवडला. मी म्हटलं, तू पाहिलेला नाहीस, नियमात बसत नाही. ती म्हणाली, नियम कुणी केले.

घरात तसं ठीक आहे. तुझी खोली आईने झाडली, पण काही हलवलं नाही. ग्लोव्ह्ज खिडकीत वाळत होते ते तिथेच आहेत, उन्हाने कडक होऊन. मी एकदा ते आत ठेवायला गेले तर ती म्हणाली राहू देत. नळाला वॉशर बसवलं, तरी गळतोच. बाबा असते तर त्यांनी एव्हाना अख्खा नळ खोलून ठेवला असता आणि आपण शेजारून पाणी आणत असतो.

चौथा गोल कॅप्टनचा, डोक्याने मारलेला. मॅच संपत आली होती, बरोबरी, कॉर्नर. आई सांगते की कॅप्टन दोन जणांच्या मधून असा वर आला की तिला वाटलं त्याला कुणी खालून उचललं. तिला तो गोल सगळ्यात देखणा वाटतो. मला तो आवडतो तुझ्यामुळे. त्या दिवशी तू पोस्टला टाळी दिली नाहीस. अख्खं मैदान ओलांडून धावत गेलास, त्या ढिगावर जाऊन पडलास, आणि मग रेफरीने शिट्टी वाजवून हाकलल्यावर परत धावत आलास. धापा टाकत, जीभ बाहेर, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला तू दहा वर्षांचा असताना कसा दिसायचास ते आठवलं. तू या खेळात किती सुखी असतोस हे मी इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. त्या जिंकण्यामुळेच शेवटच्या मॅचला अर्थ उरला. ती जिंकलो असतो तर वरच्या डिव्हिजनमध्ये.

आता शेवटची मॅच. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय गोल पूर्ण होत नाहीत, कारण त्या दिवशीही आपला एक गोल झाला आणि तो आमच्या यादीत पाचवा आहे. तू नीट वाच, कारण यातलं काही तुला माहीत नाही. स्टँड एरवी निम्मं रिकामं असतं, त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जे लोक कधी फिरकत नाहीत ते सहकुटुंब आले होते. पोस्टमनकाका कुठेतरी चार रांगा खाली चेपले गेले होते. आणि आई वळू शकत नव्हती. पहिल्यांदाच चेंडू तुझ्याकडे आला तसा तिने सवयीने खांदा फिरवला, पण एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एक धिप्पाड ट्रकवाला, मागच्याचे गुडघे पाठीत. तिने दोनदा प्रयत्न केला, ट्रकवाला म्हणाला आजी, चेंगराल. मग तिने माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले. मी तुझ्याकडे बघत होते, तिच्याकडे लक्ष नव्हतं. तू पहिला चेंडू वरच्या कोपऱ्यातून बाहेर ढकललास, तो बोटांच्या टोकांनी, तेव्हा माझ्या मनगटावरची पकड सुटली. मी बघितलं तर आईचे डोळे सताड उघडे होते. ती तुझ्याकडे बघत होती.

त्यानंतर तिने तुझ्यावरून नजर काढली नाही. चेंडू पलीकडे गेला तरी नाही. मला काय करावं कळेना. ती तुला बघतेय म्हटल्यावर माझे डोळे जणू कामावरून सुटले, आणि मी चेंडूच्या मागे गेले. म्हणून लांबू, आपला त्या दिवशीचा गोल मी पाहिला, आयुष्यातला पहिला. डावखुऱ्याने आत कापत येऊन लांबून मारला, पोस्टच्या आतल्या बाजूला लागला आणि आत. मी इतकी ओरडले की माझाच घसा बसला. आई म्हणाली, बघ, त्याने टाळी दिली.

आणि मग ते. शेवटी शेवटी, साधा चेंडू, घरंगळत आलेला, तू रोज सरावात डोळे मिटून उचलतोस तसला. तू वाकलास आणि तो हाताखालून निसटला. मी तुला खोटं सांगणार नाही, चूक तुझीच होती, डिफेन्डर मध्ये आला वगैरे काही नाही. बरोबरी झाली आणि वरची डिव्हिजन गेली. तू गुडघ्यांवर बसून राहिलास, आणि कॅप्टन तुला उठवायला आला तरी उठला नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बॅगेचा पट्टा घट्ट करताना तू मला म्हणालास, "एक बरं झालं ताई, आईने पाहिलं नाही." मी तुला खरं सांगितलं नाही, कारण तुझ्याजवळ तेवढाच एक आधार उरलाय असं मला दिसत होतं. तो काढून घ्यायची हिंमत झाली नाही. तुला हे कळलं नाही की आई आतल्या दाराशी तुझ्यासाठी डबा घेऊन उभी होती आणि तिने ते ऐकलं.

म्हणून ती दोन आठवडे गप्प होती. तिला वाटत होतं की आपण पाहिलं हे कळलं तर तू आणखी खचशील, आणि कळलं नाही तर तू तिच्यापासून ते लपवत जन्म काढशील. काल रात्री टेबलाशी बसल्यावर आम्ही पाचवा गोल निवडला, डावखुऱ्याचा. तो मी तिला सांगितला, जसा ती मला सांगते तसा, हातवारे करून. मग सवयीप्रमाणे दुसऱ्या बाजूची पाळी आली, आणि ती सांगायला लागली. तिने तू त्या दिवशी अडवलेले तिन्ही चेंडू सांगितले. पहिला बोटांच्या टोकांचा. दुसरा तू पायाने अडवलेला, त्या वेळी तुझी मांडी लचकणार याची तिला खात्री होती. तिसरा तो, ज्यासाठी तू उलट्या बाजूला झेपावलास आणि हवेतच दिशा बदललीस, तो सांगताना ती खुर्चीवरून उठून उभी राहिली, पासष्ट वर्षांची बाई, आणि तिने स्वयंपाकघरात हात उंच करून दाखवलं. म्हणाली, मला वाटायचं तो तिथे नुसता मार खायला उभा असतो. तो असा उडतो हे मला कुणी सांगितलंच नाही. मी म्हटलं, मी दर मॅचनंतर सांगत होते की. ती म्हणाली, तू सांगायचीस, पण मला ऐकताना त्याचं मोडलेलं हाडच दिसायचं. मग मी विचारलं, आणि शेवटचा तो? ती खाली बसली. तिने सरळ सांगितलं, "निसटला त्याच्या हातून. थिएटरमध्ये चांगल्या चांगल्या सर्जनचा हात निसटलेला मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस कोपरापर्यंत हात धुऊन परत टेबलाशी उभा राहायचा. जो राहायचा नाही, त्याची मला जास्त काळजी वाटायची."

आता हे पत्र कशासाठी ते. गोल हे निमित्त होतं, पण ते खोटं निमित्त नव्हतं. आई मला म्हणाली की त्याला कळव, आईने पाहिलं, आणि गोड करून कळवू नकोस. तिला भीती आहे की हे वाचून तुझा तो एक आधार जाईल. मलाही आहे. म्हणून मी तिला दोनदा विचारलं की नक्की लिहू का. तेव्हा ती जे बोलली ते मी माझ्या शब्दांत मांडायचा प्रयत्न करून पाहिला, पण जमलं नाही, म्हणून तिचंच लिहिते. ती म्हणाली, "लिही. लिही की मी सगळं पाहिलं, तेही पाहिलं. इतकी वर्षं मी त्या भिंतीकडे बघत उभी राहिले आणि माझा मुलगा मागे काय करत होता ते मला शेवटच्या दिवशी कळलं. एका मॅचने माझं भागायचं नाही. त्याला म्हणावं, मला अजून बघायचंय."

तुझीच,
ताई